कारखाना विकायचा आहे, पण आधी बाजारात बभ्रा होता कामा नये

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, संक्षेपाने): पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, औद्योगिक वसाहतीतील भूखंडावर, एका भगिनीचा कांदा-लसूण मसाला, मिरचीपूड आणि सुक्या चटण्यांचा कारखाना आहे. त्यांचे वय एकोणसाठ आहे. पतींच्या निधनानंतर त्या एकट्याच कारभार पाहतात. वर्षाची उलाढाल दोन-अडीच कोटींच्या घरात असून कामावर अठरा महिला आणि तीन पुरुष आहेत. मसाल्याचे प्रमाण फक्त त्यांनाच ठाऊक आहे. रोज सकाळी त्या जिन्नस स्वतः मोजून नंबर घातलेल्या पुड्यांत देतात. मुलगी परदेशात स्थायिक आहे आणि तिला या व्यवसायात रस नाही. फर्म भागीदारीची आहे आणि पंधरा टक्के हिस्सा धाकट्या दिरांचा आहे, पण ते कामात लक्ष घालत नाहीत. पुण्यातील एका व्यवसाय-विक्री ब्रोकरशी त्यांचे बोलणे झाले. त्याने तीन वर्षांचे ताळेबंद, कारखान्याचे फोटो, जीएसटी पोर्टलचे लॉगिन आणि पन्नास हजार रुपये आगाऊ मागितले आहेत. ‘आमच्याकडे सगळे गोपनीयच असते’ असे तो सांगतो, मात्र लेखी काहीही दिलेले नाही. त्याने सुचवलेल्या तीन खरेदीदारांपैकी एक त्यांचा थेट प्रतिस्पर्धी आहे. गेल्या आठवड्यात एका वितरकाने ‘कारखाना विकायला काढलाय म्हणे?’ असे विचारले आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्या विचारतात: विक्री पूर्ण होईपर्यंत कामगार, वितरक, बँक, दीर यांपैकी कुणालाही कळू न देता हा व्यवहार ब्रोकरमार्फत करता येईल का? खरेदीदाराकडून गोपनीयतेचा करार लिहून घेतला की पुरेसे होईल का? दिरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून त्यांना शेवटी सह्यांच्या वेळीच सांगितले तर चालेल का?

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला ‘नाही’ अशीच द्यावी लागत आहेत. तरीही तुम्हाला ज्याची खरी काळजी आहे, म्हणजे कारखान्याची घडी विस्कटू नये, वितरकांनी उधारी अडकवू नये, बायकांनी घाबरून दुसरीकडे काम धरू नये आणि पतींनी उभे केलेल्या नावावर ‘बुडाला’ असा शिक्का बसू नये, ते सांभाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी ‘कुणालाच कळू नये’ हा हट्ट मात्र सोडावा लागेल. विक्रीला खरेदीदार लागतो, खरेदीदाराला आकडे लागतात, भूखंडाला औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी लागते आणि कर्जाला बँकेची संमती लागते, त्यामुळे प्रत्येकाला कधी ना कधी कळणारच. कुणाला, किती आणि कोणत्या टप्प्यावर कळावे, हे ठरवणे मात्र तुमच्या हातात राहू शकते. आज ते ब्रोकरच्या हातात गेले आहे आणि तुमची झोप त्यामुळेच उडाली आहे, असे मला तुमचे पत्र वाचताना सारखे वाटत होते. तुम्ही नंबरच्या पुड्या देता तेव्हा भाजणाऱ्या बाईला तिच्या कामापुरते कळते आणि पूर्ण प्रमाण तुमच्यापाशी राहते. विक्रीची माहितीही नेमकी तशीच वाटायची आहे, आणि ही शिस्त तुम्हाला नव्याने शिकावी लागणार नाही.

सुरुवात दिरांपासून करू, कारण तुमच्या योजनेतली सर्वांत धोक्याची जागा मला तीच वाटते. वितरकापासून बातमी राखून ठेवणे हा व्यापारी शहाणपणा आहे, पण भागीदारापासून ती दडवली तर पुढे तुमच्याविरुद्ध तक्रार उभी राहू शकते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ९ नुसार फर्मवर परिणाम करणाऱ्या सर्व बाबींची पूर्ण माहिती भागीदारांनी एकमेकांना देणे बंधनकारक आहे. कलम १९ नुसार एका भागीदाराच्या गृहीत अधिकारात फर्मची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्याचा अधिकार येत नाही. म्हणजे दिरांचा हिस्सा पंधरा टक्के असो वा पाच, त्यांच्या सहीशिवाय भूखंडाचे आणि इमारतीचे हस्तांतरण होणार नाही. ज्या दिवशी खरेदीदार इसाराची रक्कम घेऊन समोर बसलेला असेल, त्या दिवशी ही सही प्रथमच मागितली, तर तिची किंमत तुमच्या हिशेबाबाहेर जाईल. समंजस माणूससुद्धा अशा वेळी दुखावला जातो, आणि दुखावलेला भागीदार चार ठिकाणी बोलतोच. तेव्हा त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसला, तरी त्यांनाच सर्वांत आधी सांगावे लागेल.

कसे सांगावे, याला महत्त्व आहे. फोनवर किंवा लग्नकार्यात नको. त्यांच्या घरी जाऊन, शक्य असेल तर तुमच्या सीएंच्या उपस्थितीत सांगा. त्याच बैठकीत एक छोटा लेखी ठराव करून दोघांनी सह्या करा: फर्मचा व्यवसाय विकण्याचा विचार आहे, बोलणी तुम्ही करणार, अमुक रकमेखालचा प्रस्ताव त्यांच्या संमतीशिवाय स्वीकारणार नाही आणि बोलणी चालू असेपर्यंत दोघेही बाहेर काही बोलणार नाहीत. यातून त्यांना किमतीची हमी मिळते आणि तुम्हाला मौनाचे वचन. सैल तोंडाची माणसे बहुधा विश्वासात न घेतल्याच्या रागातून बोलतात, असा माझा समज आहे. स्वतःचा पैसा त्या मौनावर अवलंबून आहे हे उमगले की अशी माणसेही बरीच जपून वागतात. कोणत्या खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत, त्याचे नाव मात्र प्रस्ताव लेखी येईपर्यंत त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि तेही त्या ठरावात नमूद करून ठेवा.

आता ब्रोकरकडे वळू. तुम्ही त्याला मनातून आपला माणूस मानले आहे. तो तुमचा माणूस व्हावा यासाठी कागद लागतो आणि तो कागद अजून झालेलाच नाही. घरे व जमिनींच्या व्यवहारातील एजंटांना २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणीकृत प्रकल्पांसाठी महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. चालू व्यवसाय विकून देणाऱ्या ब्रोकरसाठी अशी नोंदणी नाही, परवाना नाही आणि तक्रार ऐकणारे नियामक मंडळही नाही. तुमच्या सीएंनी तुमची माहिती संमतीशिवाय बाहेर सांगितली तर चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार ते व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि वकिलाशी झालेल्या तुमच्या बोलण्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. ब्रोकरवर असे आयते बंधन नाही. भारतीय करार अधिनियमातील एजंटविषयीची कर्तव्ये त्याला लागू होतील, पण गोपनीयतेच्या बाबतीत तो प्रत्यक्षात तेवढाच बांधील असतो जेवढा तुम्ही त्याला करारात बांधता. म्हणून खरेदीदाराच्या करारापूर्वी ब्रोकरचा करार झाला पाहिजे.

या करारात नेहमीची कमिशन आणि मुदतीची कलमे असतीलच. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती वेगळी. पहिली बाब उपब्रोकरांची. बहुतेक ठिकाणी बातमी फुटते ती इथून: एक ब्रोकर ‘माझ्या संपर्कातल्या दोघा-तिघांना’ म्हणून माहिती पाठवतो, ते आपापल्या व्हॉट्सॲप गटांवर टाकतात आणि दोन दिवसांत ती तुमच्याच मिरचीच्या आडत्याच्या फोनवर येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९० नुसार एजंटाने स्वतः करण्याचे मान्य केलेले काम त्याला दुसऱ्यावर सोपवता येत नाही, पण त्या व्यापाराची तशी रूढी असेल तर अपवाद होतो. ‘आमच्या धंद्यात असेच चालते’ या उत्तराला जागा राहू नये म्हणून उपब्रोकर नेमणार नाही, कोणत्याही गटावर, पोर्टलवर किंवा जाहिरातीत तुमच्या लेखी संमतीशिवाय मजकूर टाकणार नाही, असे स्पष्ट लिहून घ्या. दुसरे म्हणजे, कोणाला काय पाठवले आणि कोणत्या तारखेला, याची नोंदवही ब्रोकरने ठेवावी आणि दर आठवड्याला तुम्हाला दाखवावी. कोणत्याही खरेदीदाराकडे जाण्यापूर्वी त्याने तुम्हाला नाव कळवावे आणि तुमचा लेखी होकार येईपर्यंत थांबावे. तिसरे, तो समोरच्या पक्षाकडूनही कमिशन घेणार आहे का, हे त्याने लिहून द्यावे. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या माणसाला, तुम्ही किती घाईत आहात आणि किती खाली उतरायला तयार आहात, हे सांगू नये. खरे तर ते कोणत्याच ब्रोकरला सांगू नये.

एकाच वेळी चार ब्रोकरांना काम देण्याचा मोह होतो, कारण त्याने खरेदीदार लवकर मिळेल असे वाटते. गोपनीयता हवी असेल तर एकालाच, पाच-सहा महिन्यांच्या ठरावीक मुदतीसाठी काम द्या. चार जणांपैकी कुणाकडून बातमी फुटली हे कधीच सिद्ध होत नाही. आगाऊ रकमेबद्दल माझे मत असे आहे की माहितीपुस्तिका तयार करणे, मूल्यांकन करून घेणे अशा प्रत्यक्ष कामाच्या मोबदल्यात, पावती घेऊन, काही रक्कम देण्यात गैर नाही. मात्र करार होण्यापूर्वी पन्नास हजार मागणाऱ्याला मी एक रुपयाही देणार नाही. वरच्या अटी त्याच्यासमोर ठेवा. तो चिडला किंवा हसून टाळू लागला, तर तुम्हाला हवी ती माहिती फुकट मिळाली असे समजा आणि दुसरा ब्रोकर पाहा.

जीएसटी पोर्टलचे लॉगिन कुणालाही देऊ नका, ना ब्रोकरला, ना खरेदीदाराला. याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ‘जीएसटीची विवरणपत्रे द्या’ ही मागणी ऐकायला साधी वाटते आणि अनेक छोटे उद्योजक भाबडेपणाने सगळी फाइल पाठवून देतात. जीएसटीआर-१ मध्ये तुमच्या प्रत्येक नोंदणीकृत वितरकाचा जीएसटी क्रमांक, बिलाची तारीख आणि रक्कम असते. तो क्रमांक पोर्टलवर टाकला की वितरकाचे नाव आणि पत्ता कुणालाही दिसतो. जीएसटीआर-२बी मध्ये तुमचे पुरवठादार त्याच तपशिलाने दिसतात: ब्याडगी मिरची कुणाकडून घेता, संकेश्वरी मिरची कुणाकडून, सांगलीची हळद कुठून, आणि कितीची. ही दोन विवरणपत्रे हातात आलेल्या प्रतिस्पर्ध्याला तुमचा कारखाना विकत घेण्याची गरजच उरत नाही. जीएसटीआर-३बी मध्ये मात्र त्या महिन्याच्या एकूण विक्रीचे आणि कराचे आकडे असतात, नावे नसतात. म्हणून पहिल्या टप्प्यावर सीएंनी तयार केलेला, फर्मचे नाव नसलेला तीन वर्षांचा गोषवारा द्यावा. दुसऱ्या टप्प्यावर, खरेदीदाराशी गोपनीयतेचा करार झाल्यानंतर, ३बी आणि ताळेबंद द्यावेत. आणि वितरकनिहाय, पुरवठादारनिहाय तपशील अगदी शेवटी द्यावा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप आणि बँकेची खातेउताऱ्यांची पीडीएफ यांना हाच नियम लावा. बँकेच्या उताऱ्यात तर प्रत्येक ओळीवर कुणाचे ना कुणाचे नाव असते.

सुरुवातीला बाहेर जाणारा एकपानी परिचय तुम्ही स्वतः लिहा, ब्रोकरवर सोडू नका. ‘पश्चिम महाराष्ट्रातील मसाला व चटणी उत्पादन, पंधराहून अधिक वर्षे चालू, उलाढाल दोन ते तीन कोटींच्या दरम्यान, स्वतःचा ब्रँड’ एवढे पुरे. तालुक्याचे नाव नको, मालकीण आहे की मालक हेही नको, कारण अमुक पट्ट्यात मसाल्याचा कारखाना एकट्याने चालवणाऱ्या स्त्रिया किती असणार? फोटोंबाबत फार जपा. पाकिटाच्या फोटोत एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि त्यावरून उत्पादक कोण हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर सहज सापडते. यंत्रावरची नावाची पट्टी, भिंतीवरचे कॅलेंडर, गणवेशावरची अक्षरे यांवरूनही ओळख पटते, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद राहू शकते. परिचयपत्र तयार झाले की या बाजाराची माहिती असलेल्या एका विश्वासू माणसाला, तुमचे सीए असोत वा त्यांचे सहकारी, नाव न सांगता वाचायला द्या. त्याने कारखाना ओळखला तर ते पुन्हा लिहा. पत्रव्यवहारासाठी वेगळा ईमेल आणि वेगळा फोन नंबर ठेवा. कारखान्याच्या कार्यालयातला ईमेल हिशेबनीस उघडत असेल, तर पहिली बातमी तिथूनच फुटेल.

आता खरेदीदाराच्या गोपनीयता कराराचा प्रश्न. तो जरूर करा, पण त्याच्याकडून नको तेवढी अपेक्षा ठेवू नका. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली आहे. तोवर तुमचे संरक्षण करारातूनच येते. करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार व्यापार करण्यास मनाई करणारा करार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरतो. म्हणून ‘बोलणी फिसकटली तर मी मसाल्याचा धंदा करणार नाही’ असे प्रतिस्पर्ध्याकडून लिहून घेण्यात अर्थ नाही. ‘मिळालेली माहिती फक्त या खरेदीचा विचार करण्यासाठीच वापरीन, अमुक अमुक सल्लागारांखेरीज कुणाला देणार नाही, ठरावीक काळ तुमच्या कामगारांना आणि वितरकांना फोडणार नाही, बोलणी थांबल्यास सर्व प्रती परत करीन किंवा नष्ट करीन’ असे नेमके लिहून घेतले तर ते टिकण्याची शक्यता बरीच अधिक असते. करारभंगासाठी रक्कम नमूद करता येते, पण कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा ठरते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. करारावर कंपनीबरोबरच संबंधित व्यक्तीनेही वैयक्तिक सही करावी आणि दाव्याचे ठिकाण तुमच्या जिल्ह्याचे न्यायालय असावे. एवढे करूनही दावा वर्षानुवर्षे चालू शकतो. तेव्हा खरी सुरक्षितता कराराच्या कागदावर नाही. त्या टप्प्यावर तुम्ही काय दिलेच नाही, यात ती आहे. दिलेल्या प्रत्येक कागदावर घेणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक छापा. कागद पुढे फिरलाच तर तो कुणाचा हे कळते, आणि ज्याला हे माहीत असते तो सहसा फिरवत नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे व्यापारात खरे असले, तरी मूठ उघडल्याशिवाय खरेदीदार सव्वा लाख मोजणार नाही, हेही लक्षात ठेवावे लागेल. फार जपले तर खरेदीदार थोडे येतात, साशंक राहतात आणि भाव पाडून मागतात. प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत ही ओढाताण सर्वांत जाणवते. तुमच्या ब्रँडची, वितरकांच्या जाळ्याची किंमत त्यालाच नीट कळते, त्यामुळे अनेकदा उत्तम भावही तोच देतो, आणि सर्वांत अधिक नुकसानही तोच करू शकतो. त्याला यादीतून काढून टाका असे मी म्हणणार नाही. त्याला शेवटी बोलवा. आधी इतर दोघांशी बोलणी करा, किमतीचा अंदाज घ्या, मगच त्याच्याकडे जा, आणि त्याच्याकडून केवळ गोषवाऱ्याच्या आधारे लेखी किंमत आणि इसाराची तयारी मागा. त्यानंतरही वितरकांची नावे ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशीच द्या. त्याचा सीए तुमच्या सीएंच्या कार्यालयात बसून मूळ वह्या तपासेल, प्रती नेणार नाही आणि आपल्या पक्षाला फक्त निष्कर्ष कळवील, अशी व्यवस्था करता येते. ज्याचा हेतू खरेदीचा आहे तो हे मान्य करतो.

मसाल्याचे प्रमाण या सगळ्यापासून वेगळे ठेवा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे त्यात काय काय आहे हे बाजाराला आधीच ठाऊक आहे. तुमचे गुपित आहे ते नेमके प्रमाण, कोणता जिन्नस किती भाजायचा आणि कोणत्या क्रमाने कुटायचा, यात. खरेदीदाराला खात्री हवी असते की ही चव तुमच्याशिवायही येईल. त्यासाठी नंबरच्या पुड्या वापरून त्याच्या समोर एक घाणा काढून दाखवा, नमुना प्रयोगशाळेत तपासून घेऊ द्या, पण कागद दाखवू नका. संपूर्ण कृती लिहून, सीलबंद करून, वकिलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि पूर्ण रक्कम जमा झाल्याच्या दिवशी ती द्यायची असे करारात लिहा. तसे लिहून ठेवण्याची गरज एरवीही होतीच, कारण आज ती फक्त तुमच्या डोक्यात आहे. कृती दिल्यानंतर मात्र खरेदीदार तुम्हाला ठरावीक क्षेत्रात तोच व्यवसाय न करण्याची अट घालील. व्यवसायाचे नावलौकिकासह हस्तांतरण होत असेल तर कलम २७ मधील अपवादानुसार, वाजवी मर्यादेत, ती अट वैध ठरते. उद्या घरगुती मसाले करून देण्याचा तुमचा विचार असेल, तर तो आधीच बोलून घ्या.

बँक आणि महामंडळ यांच्याबाबत थोडक्यात. कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, माल आणि यंत्रे तारण असतील, तर बँकेच्या संमतीशिवाय ती हलणार नाहीत. शिवाय तुमची आणि दिरांची वैयक्तिक हमी केवळ व्यवसाय विकल्याने सुटत नाही, ती बँकेकडून लेखी सोडवून घ्यावी लागते. औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि तो हस्तांतरित करण्यासाठी महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. दोन्ही ठिकाणी अर्ज इसार आणि करार झाल्यानंतरच करा, पण नियम, शुल्क आणि लागणारा वेळ यांची चौकशी सीएंमार्फत, नाव न घेता, आजच करून ठेवा.

आता ज्या प्रश्नावर मला तुमच्याशी थोडे भांडावेसे वाटते तो. तुम्ही लिहिता की बायकांना कळले तर त्या घाबरून निघून जातील. काही काळ त्यांना न सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे, कारण न ठरलेल्या गोष्टीची धास्ती त्यांना देण्यात काही हशील नाही. पण विक्री पूर्ण झाल्यावर, नवा मालक दारात उभा असताना त्यांना कळणे, हे मला मान्य होण्यासारखे नाही. त्यांतली कुणी पगाराच्या भरवशावर बचत गटाचे कर्ज काढत असेल, कुणी मुलीच्या फीची तजवीज करत असेल. कायद्याच्या बाजूनेही त्यांची सेवा खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर नव्या मालकाकडे चालू राहिली, तरच मालकीबदलापोटी भरपाई देण्याची जबाबदारी टळते. हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही आहे. तेव्हा खरेदीदाराशी करार करतानाच सेवा सलग धरली जाईल, भविष्यनिर्वाह निधी चालू राहील, ग्रॅच्युइटीसाठी मागील वर्षे मोजली जातील, हे लिहून घ्या. मग पक्का करार आणि इसार झाल्यावर, ताबा देण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी, सगळ्यांना एकाच वेळी, स्वतःच्या तोंडाने सांगा आणि नव्या मालकाचे लेखी आश्वासन त्यांच्या हातात द्या. उत्पादन सांभाळणाऱ्या मुख्य बाईंना त्याआधी सांगावे लागेल, कारण गंभीर खरेदीदार त्यांना भेटल्याशिवाय पैसे देणार नाही. त्या ताबा दिल्यानंतरही काही महिने थांबाव्यात यासाठी त्यांना काही रक्कम बक्षीस म्हणून देण्याचा विचार करा.

तोवर खरेदीदाराला कारखाना दाखवायचा झाला, तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दाखवा. कामाच्या दिवशी दाखवणे भाग पडले आणि कुणी विचारले, तर ‘कामानिमित्त आलेले पाहुणे’ असे सांगा. ‘विम्याचे साहेब’, ‘सरकारी तपासणी’ असले काही सांगू नका. न सांगितलेले लोक समजून घेतात, खोटे सांगितलेले विसरत नाहीत.

ज्या वितरकाने विचारले, त्यालाही हाच नियम लावा. ‘छे, छे, कोण म्हणाले?’ असे म्हणू नका, कारण चार महिन्यांनी ते खोटे ठरेल आणि नव्या मालकाला त्या वितरकाचा विश्वास मिळणार नाही. फोन करून एवढेच सांगा: ‘कारखाना नेहमीप्रमाणे चालू आहे, तुमचा माल वेळेवर येईल. पुढे मालकीत काही बदल झालाच, तर तो तुम्हाला माझ्याकडूनच कळेल.’ आणि मग त्या महिन्याचा माल खरोखरच एक दिवस आधी पोहोचवा. माल वेळेवर आणि पुरवठादाराचे पैसे ठरल्या तारखेला, या दोन गोष्टी पाळल्या तर कुजबुज बरीच विरते. उधारीची वसुली मात्र आतापासूनच घट्ट करा, म्हणजे बातमी अवेळी फुटलीच तरी अडकलेली रक्कम लहान असेल. त्या वितरकाला बातमी कुणी सांगितली, तेही सहज विचारून पाहा. तुमच्या ब्रोकरने करार होण्यापूर्वीच तोंड उघडले असेल, तर त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

ब्रोकरशिवायही वाटा आहेत, त्यांचाही विचार करा. एखाद्या मोठ्या वितरकालाच ब्रँड आणि कारखाना देणे, किंवा फक्त ब्रँड आणि कृती विकून भूखंड भाड्याने ठेवणे, यांत कमी लोकांना सांगावे लागते आणि कमिशनही वाचते. मात्र किंमत पारखायला दुसरा कुणी नसल्याने ती बहुधा कमी मिळते. तुमच्या परिस्थितीत, सीए आणि वकील सोबत घेऊन, कडक करारावर एक ब्रोकर नेमणे मला अधिक बरे वाटते.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारात नव्या मिरचीची आवक हिवाळ्यात सुरू होते, वर्षभराची खरेदी तुम्ही उन्हाळ्यापर्यंत उरकता आणि घरोघरी मसाले होण्याचा काळही तोच. त्या महिन्यांत तुम्ही आडत्यांच्या उधारीवर सर्वाधिक अवलंबून असता, म्हणून बाजारात कुणकुण लागण्याची सर्वांत वाईट वेळ ती आहे. दिरांशी बैठक, सीएंकडून गोषवारा, कृती सीलबंद करणे आणि ब्रोकरचा करार ही घरातली कामे या काळात शांतपणे उरकून घ्या. परिचयपत्र बाहेर पाठवण्याची परवानगी ब्रोकरला द्याल, ती मिरचीचे पैसे चुकते झाल्यानंतरच द्या.